प्रत्येक लॉटमध्ये सोल्डरिंग खराब येतंय? असेंबलरशी बोलण्याआधी काय तपासायचं आणि मग काय मागायचं

लक्षणं ओळखीची असतात. सर्किट बोर्डांचा लॉट येतो, टेस्टिंगला लागतो आणि काही बोर्ड चालूच होत नाहीत. काही असे, की आयसीवर बोट दाबलं की चालतात आणि बोट काढलं की बंद. भिंगाखाली धरलं तर कुठे आयसीच्या दोन पायांमध्ये सोल्डरचा पूल, कुठे छोटा कपॅसिटर एका टोकावर उभा, कुठे कनेक्टरची पिन भोकात नुसती टेकलेली. फोटो पाठवले की असेंबलर (बोर्डवर भाग बसवून सोल्डर करून देणारा) दिलगिरी व्यक्त करतो, बोर्ड मागवतो, दुरुस्त करून परत देतो. पुढच्या लॉटमध्ये पुन्हा त्याच तक्रारी.

हे चक्र चालू राहतं, कारण दुरुस्ती बोर्डांची होते आणि ते ज्या लाइनवर बनले तिथे काहीच बदलत नाही. टचअपच्या (हाताने दोष दुरुस्त करायच्या) टेबलावरचा माणूस जितका हुशार, तितकी ही गोष्ट जास्त काळ झाकलेली राहते. तो दोष काढून टाकतो, नोंद कुणी ठेवत नाही, आणि पेस्ट प्रिंटरवर (बोर्डवर सोल्डरची पेस्ट छापणाऱ्या मशीनवर) उभ्या असलेल्या ऑपरेटरला आपल्याकडे काही बिघडलंय हे कळायला मार्गच नसतो. तेव्हा मागणीच बदलायला हवी. दोष कुठल्या टप्प्यावर तयार झाला आणि पुढच्या लॉटला नेमकं काय बदलणार, हे असेंबलरकडून काढून घ्यायचं. ते विचारायचं तर आधी आपल्या हातात पुरावा हवा.

आयर्न बाजूला ठेवा

सदोष बोर्डांपैकी काही जसेच्या तसे बाजूला काढा. डिलिव्हरीची घाई असते, बोर्ड चालू करून द्यायचा मोह होतो, पण जॉइंटला आयर्न लावलं की जॉइंटबरोबर पुरावाही वितळतो. बाजूला काढलेल्या बोर्डांवर लॉट नंबर आणि दोषाची जागा लिहून ठेवा. फोटो दोन बाजूंनी काढा, एक वरून आणि एक तिरका. सोल्डर पॅडवर (भागाचा पाय बसतो त्या तांब्याच्या जागेवर) पसरलंय की गोळा होऊन बसलंय, हे वरून काढलेल्या फोटोत बऱ्याचदा कळत नाही. साधा यूएसबी मायक्रोस्कोप या कामाला पुरतो.

फोटो काढतानाच एक गैरसमज दूर करून घ्या. शिसं नसलेल्या सोल्डरचा जॉइंट मंद, किंचित खरबरीत दिसतो. शिशाच्या सोल्डरची आरशासारखी चमक डोळ्यांत बसलेल्या माणसाला तो लगेच ‘ड्राय सोल्डर’ (नीट न धरलेला जॉइंट) वाटतो आणि तक्रारीत निम्मे फोटो अशाच चांगल्या जॉइंटचे जातात. असेंबलर ते एका मिनिटात खोडून काढतो आणि मग उरलेल्या खऱ्या तक्रारींचंही वजन जातं. चमकेऐवजी कडा पाहा. सोल्डर पॅडवर आणि पायावर पातळ होत गेलेलं दिसलं, तर ते धरलंय. कडेला फुगून, पाण्याचा थेंब मेणावर बसावा तसं बसलं असेल, तर धरलेलं नाही.

क्यूएफएन, म्हणजे बाहेर पाय नसलेल्या, तळाशी पॅड असलेल्या आयसीच्या बाबतीतही असंच. या पॅकेजच्या बाजूच्या भिंतीवर कापलेलं उघडं तांबं असतं. त्यावर सोल्डर चढलं नाही तर बहुतेक वेळा तो दोष धरला जात नाही. खरा जॉइंट खाली असतो.

दोषांचा नकाशा

आता असेंब्ली ड्रॉइंगची एक प्रिंट काढा आणि जेवढे बोर्ड तपासले त्या सगळ्यांचे दोष त्या एकाच कागदावर टिंबांनी मांडा. बोर्ड पॅनेलमध्ये (अनेक बोर्ड एकत्र जोडून) बनले असतील तर पॅनेलच्या चित्रावर मांडा. कुठल्या दोषाला कुठला रंग ते आधी ठरवा. काम कंटाळवाणं आहे, पण महागड्या एक्स-रे तपासणीआधी हे केलं तर निम्मा निदान-खर्च वाचतो असं माझं मत आहे.

सगळी टिंबं एकाच जागी, म्हणजे समजा दर बोर्डवर त्याच कपॅसिटरपाशी जमली, तर आधी डिझाइन आणि स्टेन्सिलकडे (पेस्ट छापायच्या भोकांच्या पत्र्याकडे) बघा. ऑपरेटरचा हात इतका नेमाने चुकत नाही. एकाच प्रकारचा भाग बोर्डभर कुठेही लावलेला असो, सगळीकडे तोच धरत नसेल तर भागांच्या पायांवर ऑक्साइड चढलंय, किंवा ते पाय एका पातळीत नाहीत. टिंबं जाड तांब्याच्या भागात, मोठ्या इंडक्टरजवळ, धातूच्या ढालीखाली किंवा पॅनेलच्या एका कडेला दाटली असतील तर उष्णता पोचत नाहीये. शॉर्ट फक्त बारीक पिचच्या (पाय अगदी जवळ असलेल्या) आयसीवर आणि तेही ठरावीक बोर्डांनंतर वाढत गेले असतील, तर स्टेन्सिल खालून पुसलं जात नाही. दोष फक्त हाताने सोल्डर केलेल्या भागांवर असतील तर मशीनच्या गोष्टी सोडून द्या.

आणि टिंबं कुठेही, कशीही विखुरलेली असतील? हे सगळ्यांत अवघड. बोर्डांचं फिनिश (पॅडवरचा संरक्षक लेप) जुनं झालं असेल, बोर्डांना उघडे हात लागले असतील, पेस्ट संपत आलेली किंवा मुदतीबाहेरची असेल. अशा वेळी कोऱ्या, भाग न लावलेल्या बोर्डांपैकी एक-दोन परत मागवा. थोडा फ्लक्स (सोल्डर धरायला मदत करणारं रसायन) लावून त्यांवर नुसतं सोल्डर पसरतं का ते बघा. कोऱ्या बोर्डावरच सोल्डर धरत नसेल तर असेंबलरऐवजी बोर्ड बनवणाऱ्याशी बोलायचं आहे. ओएसपी (सेंद्रिय लेपाचं) फिनिश असेल तर हा संशय आधी घ्या. एका बाजूचं रिफ्लो (भट्टीत पेस्ट वितळवणं) झाल्यावर तो संरक्षक थर कमकुवत होतो. मग दुसरी बाजू किंवा थ्रू-होल (भोकात पिना घालून लावायचे) भाग बरेच दिवस उशिरा लावले तर सोल्डर नीट धरत नाही.

आपल्याच घरात शोधायच्या गोष्टी

नकाशावर टिंबं एकाच जागी असतील तर गर्बर फाइल (बोर्ड बनवायला दिलेली डिझाइनची फाइल) उघडा. डिझाइन करणाऱ्याला हे आवडत नाही, पण असेंबलरला पत्र जायच्या आधी हे आपण शोधलेलं बरं. नाहीतर ते तो शोधतो आणि बाकीच्या सगळ्या दोषांवरही तेच उत्तर देत राहतो.

छोटे चिप भाग उभे राहत असतील तर त्यांची दोन पॅड तपासा. एक पॅड बारीक ट्रॅकला आणि दुसरं थेट ग्राउंड प्लेनला थर्मल रिलीफशिवाय (उष्णता अडवणाऱ्या बारीक जोडण्यांशिवाय) जोडलेलं असेल, तर दुसऱ्या पॅडची उष्णता तांबं ओढून घेतं. पहिल्या पॅडवरचं सोल्डर आधी वितळतं आणि त्याचा पृष्ठताण भागाला उभा करतो. ०४०२ या छोट्या मापाच्या आणि त्याहून लहान भागांवर हे जास्त होतं.

पॅडच्या आत उघडा व्हाया (बोर्डचे थर जोडणारं भोक) असेल तर सोल्डर त्यातून खाली निघून जातं आणि वर जॉइंट उपाशी राहतो. व्हाया भरून वरून तांब्याने झाकून घ्या, नाहीतर पॅडच्या बाहेर काढा. बारीक पिचच्या आयसीमध्ये दोन पॅडच्या मधली सोल्डर मास्कची (सोल्डर न धरणाऱ्या लेपाची) भिंत बोर्ड बनवणाऱ्याने काढून टाकली नाही ना, हेही बघा. भिंत फार बारीक पडत असेल तर कारखाने ती न विचारता उडवतात. तुमच्या फाइलमध्ये ती दिसते, हातातल्या बोर्डवर नसते.

क्यूएफएनच्या मधल्या मोठ्या पॅडवर पेस्टचं एकच मोठं भोक ठेवलं असेल तर चिप त्या सोल्डरवर तरंगते, एका बाजूला कलते आणि कडेच्या पिना उघड्या राहतात. मधलं भोक खिडकीच्या तावदानांसारखं छोट्या चौकोनांत तोडायचं आणि पॅडच्या साधारण ५० ते ८० टक्के भागावरच पेस्ट द्यायची. सीएडी लायब्ररीतले किती तरी फूटप्रिंट (भागांसाठीच्या पॅडच्या तयार मांडण्या) या बाबतीत चुकीचे असतात.

थ्रू-होल पिनांमध्ये सोल्डर वर चढत नसेल तर भोकाचं माप पिनच्या जाडीपेक्षा किती मोठं आहे ते काढा. किमान ०.१५ ते ०.२५ मिमी जागा लागते. चौकोनी पिन असेल तर कर्ण धरायचा. नेहमीच्या हेडरची (पिनांच्या पट्टीची) पिन ०.६४ मिमी बाजूची असते, म्हणजे कर्ण सुमारे ०.९ मिमी. भोक ०.९ चंच ठेवलं तर पिन कशीबशी जाते, सोल्डरला जागाच उरत नाही.

पेस्ट आणि स्टेन्सिल

मशीनने लावलेल्या बोर्डवरचे बहुतेक दोष रिफ्लोच्या भट्टीत दिसायला लागतात, पण त्यांचा जन्म पेस्ट छापतानाच झालेला असतो. त्यामुळे असेंबलरला विचारायचा पहिला प्रश्न: स्टेन्सिलची जाडी किती आणि ती कुणी ठरवली?

यामागचं गणित सोपं आहे. स्टेन्सिलच्या भोकाच्या तळाचं क्षेत्रफळ भागिले भोकाच्या भिंतींचं क्षेत्रफळ हे प्रमाण ०.६६ च्या वर असावं, असा उद्योगातला जुना दंडक आहे. त्याखाली गेलं की पेस्ट पॅडवर उतरण्याऐवजी भिंतींना चिकटून राहते. गोल भोकासाठी व्यास भागिले जाडीची चौपट, एवढंच करायचं. बीजीएचं (तळाशी सोल्डरच्या गोळ्या असलेल्या आयसीचं) ०.२५ मिमीचं भोक ०.१२ मिमी जाड स्टेन्सिलमध्ये घेतलं तर उत्तर ०.५२ येतं. ०.१ मिमीला ०.६२, अजूनही कमीच. ०.०८ मिमीला ०.७८ येतं आणि तिथे ते बसतं. पण त्याच बोर्डवर मोठे कनेक्टर आणि इंडक्टर असतील तर ०.०८ मध्ये त्यांना पेस्ट अपुरी पडते. मग पायऱ्यांचं (जागोजागी वेगळ्या जाडीचं) स्टेन्सिल घ्यावं लागतं किंवा मोठ्या भागांची भोकं पॅडबाहेर वाढवावी लागतात. अनेक असेंबलर सगळ्या गिऱ्हाइकांना एकच जाडी वापरतात, कारण तेवढं मागवून ठेवलेलं असतं. तुमच्या बोर्डवर बारीक बीजीए आणि जाड कनेक्टर शेजारी असतील तर त्या सवयीचा फटका तुम्हालाच बसतो.

चिप भागांच्या पोटाखालून सोल्डरचे बारीक मणी बाहेर येत असतील तर पेस्ट जास्त आहे आणि भागाच्या खाली दाबली जातेय. भोकाची आतली बाजू कमी केली की मणी थांबतात. मणी सगळीकडे उडालेले असतील तर पेस्टमध्ये ओलावा शिरलाय का ते विचारा. पेस्ट फ्रिजमध्ये ठेवतात. डबा थंड असतानाच उघडला तर हवेतलं पाणी तिच्यावर जमतं. बंद डबा काही तास बाहेर ठेवून खोलीच्या तापमानाला आणावा लागतो. घाईच्या दिवशी हे टाळलं जातं, आणि मग ‘कधी चांगला, कधी वाईट’ असा लॉट येतो.

भट्टीचा आलेख मागा

तुमच्याच बोर्डवर थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) चिकटवून काढलेला तापमानाचा आलेख मागा. भट्टीच्या पडद्यावरच्या झोनच्या सेटिंगचा फोटो पाठवला तर तो घेऊ नका, ते हवेचं तापमान आहे. थर्मोकपल निदान दोन-तीन जागी हवेत: सगळ्यांत जड भागाच्या पायाशी, सगळ्यांत हलक्या भागापाशी आणि बीजीए असेल तर त्याच्याखाली.

सॅक ३०५ या नेहमीच्या शिसंरहित मिश्रधातूत ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी आणि ०.५ टक्के तांबं असतं आणि तो २१७ ते २२० अंश सेल्सियसला वितळतो. जॉइंटचं कमाल तापमान साधारण २३५ ते २५० अंश आणि वितळणबिंदूच्या वरचा वेळ सुमारे ४५ ते ९० सेकंद, अशी श्रेणी बहुतेक पेस्टच्या डेटाशीटमध्ये सापडते. अंतिम शब्द त्या डेटाशीटचाच. शिशाच्या जुन्या ६३/३७ सोल्डरचा वितळणबिंदू १८३ अंश. बोर्डला शिशाची पेस्ट आणि बीजीएच्या गोळ्या सॅकच्या, असं मिश्रण झालं असेल आणि भट्टी शिशाच्या हिशेबाने चालवली असेल, तर गोळ्या पूर्ण वितळतच नाहीत. बाहेरून सगळं जागच्या जागी दिसतं.

बीजीएमधला आणखी एक त्रासदायक प्रकार म्हणजे गोळी पेस्टवर नुसती टेकून राहणं. उष्णतेत पॅकेज किंचित वाकतं, गोळी पेस्टपासून उचलली जाते, तिच्यावर ऑक्साइडचा थर येतो आणि परत खाली आल्यावर ती सोल्डरमध्ये रुतते पण मिसळत नाही. साध्या एक्स-रेमध्ये हे सहज निसटतं. बोट दाबल्यावर चालणारा बोर्ड हाच, असं आधी धरून चाला.

ओलाव्याकडेही लक्ष ठेवा. ओलाव्याची श्रेणी ३ असलेला भाग पाकीट फोडल्यावर ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या आत १६८ तासच उघडा ठेवता येतो. नंतर त्याला बेकिंग लागतं. भाग तुम्ही स्वतः पुरवत असाल आणि अर्धवट वापरलेली रीळ कपाटात उघडी पडून असेल, तर इथे बोट तुमच्याकडे वळतं.

हाताने केलेल्या जॉइंटबद्दल थोडक्यात: ग्राउंडच्या पिना थंड राहत असतील तर आयर्नचं तापमान वाढवून उपयोग नाही. जाड टिप आणि बोर्ड खालून आधी गरम करणं, हे दोन उपाय. बोर्डवर चिकट, ओला फ्लक्स राहिला असेल तर तीही तक्रार करा. ‘नो-क्लीन’ फ्लक्स पूर्ण तापला तरच निरुपद्रवी राहतो. ब्रशने लावून न तापलेला फ्लक्स दमट हवेत गळती करंट वाहू देतो.

पत्र कसं लिहायचं

‘क्वालिटी सुधारा’ या वाक्याला ‘हो, नक्की’ याशिवाय उत्तर नाही. लिहायचं असं (यू३ आणि जे२ ही बोर्डवरच्या भागांची नावं):

‘नमस्कार. सोबत शेवटच्या लॉटमधल्या दोषांचा नकाशा आणि फोटो पाठवत आहे. यू३ च्या कडेच्या पिनांवर ओपन आणि जे२ मध्ये सोल्डर अर्धवट भरलेलं, असे दोन दोष सातत्याने दिसतात. हे बोर्ड टचअप न करता ठेवले आहेत. कृपया या लॉटचा थर्मोकपलने घेतलेला आलेख, स्टेन्सिलची जाडी, पेस्टचं नाव व बॅच, आणि टचअपची नोंद पाठवा. यू३ च्या मधल्या पॅडची पेस्ट आम्ही गर्बरमध्ये कमी करत आहोत. जे२ साठी तुमच्याकडे काय बदलता येईल ते कळवा. पुढच्या लॉटचा पहिला बोर्ड आम्ही तपासून होकार दिल्यावरच बाकीचे लावावेत.’

यात आपली बाजूही सांगितली आहे. त्याने पलीकडचा माणूस बचावात जायचा थांबतो आणि बोलणं पेस्ट-पॅडवर येतं. चांगला प्रोसेस इंजिनिअर असं पत्र आलं की खूश होतो, कारण त्यालाही आतल्या आत स्टेन्सिल बदलायला कारण हवं असतं.

ऑर्डरमध्ये स्वीकाराचा निकष लिहिलेला नसेल तर वाद घालायला आधारच नाही. आयपीसी-ए-६१० हे मानक जॉइंट कसा असला तर चालेल ते ठरवतं, जे-एसटीडी-००१ सोल्डरिंग कसं करायचं ते सांगतं. दोन्हींत तीन वर्ग आहेत: १ साध्या वस्तूंसाठी, २ सतत चालावं अशा उपकरणांसाठी, ३ बंद पडून चालणारच नाही अशांसाठी. बहुतेक औद्योगिक बोर्डांना वर्ग २ पुरतो. ऑर्डरवर वर्गच लिहिला नसेल तर असेंबलर त्याच्या सोयीचा धरतो. वर्ग ३ सरसकट मागू नका. खर्च वाढतो आणि नको तिथे टचअपही वाढतं, ते जॉइंटसाठी चांगलं नाही.

वर्गासोबत मिश्रधातू, बोर्डचं फिनिश, बीजीए आणि क्यूएफएनचा एक्स-रे किती बोर्डांचा हवा, आणि एका जागेवर किती वेळा पुन्हा सोल्डरिंग चालेल हेही लिहा. एओआयच्या (मशीनने आपोआप होणाऱ्या तपासणीच्या) कॅमेऱ्याला बीजीएखालचं दिसत नाही, त्यामुळे ‘शंभर टक्के एओआय केलं’ या उत्तराने बीजीएचा प्रश्न मिटत नाही. क्यूएफएनच्या मधल्या पॅडखाली किती पोकळी चालेल हे मानकावर सोडू नका. चिप किती तापते त्यावरून दोघांनी मिळून ठरवा.

असेंबलर बदलायचा का?

आलेख मागितल्यावर तो येत नाही, पेस्टची बॅच सांगता येत नाही, दर वेळी ‘ऑपरेटर नवीन होता’ हेच कारण येतं, असं झालं तर बदला. एखादा लॉट वाईट आला म्हणून बदलू नका. गर्बरमधले दोष तसेच ठेवून नव्या ठिकाणी गेलात तर तेच कपॅसिटर तिथेही उभे राहतील, आणि नव्या माणसाला तुमचा बोर्ड समजून घ्यायला पुन्हा काही लॉट जातील.

बदलायचं ठरलं तर आधी लहान लॉट द्या आणि दोषांचा जुना नकाशा पहिल्याच दिवशी त्याच्यासमोर ठेवा. जुन्या असेंबलरकडचं स्टेन्सिल तुमच्या पैशाने बनलं असेल तर मागून घ्या, पण नव्या ठिकाणी तेच लावायची घाई करू नका. पॅनेलची मांडणी बदलली असेल तर ते जुळणार नाही, आणि पेस्टची भोकं गर्बरमध्ये दुरुस्त केल्यावर त्या जुन्या पत्र्याचा तसाही उपयोग उरत नाही.